लालासाहेब खालून उडतात

"असा उजव्या अंगाला कलंडलो, ब्रेक जरासा वढला, आन् थर्मलनं जो उचललाय म्हणता! खाली बघतोय तर पवनचक्क्या कशा, जत्रंतल्या भिंगऱ्यावानी."

लालासाहेब सांगत होते. हातातला चहाचा कप म्हणजे पंख. तो उजवीकडे कलंडला तेव्हा थोडा चहा दिग्विजयच्या महागड्या बुटावर सांडला, पण लालासाहेब तेव्हा फार उंचावर होते, त्यांना तो दिसला नाही. हरणाबाईच्या छपराखाली आम्ही सगळे बाजेवर, दगडावर, जिथं जागा मिळेल तिथं बसलो होतो. त्या दिवशी पुण्याहून एक नवा पायलट आला होता. तो तर भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकत होता.

"काका, किती वर्षं उडताय तुम्ही?" त्यानं विचारलं.

सगळे एकदम चहात बघायला लागले. कोपऱ्यात राजेश्वरीबाई पिठल्यात भाकरी कुस्करत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "ते न्हाई उडत. मी उडते. ते खालनं जीप घिऊन येत्यात."

आमचा हा रविवारचा मेळा वडूजच्या अलीकडं एका उघड्या डोंगरावर भरतो. डोंगराला कागदोपत्री काही नाव असेल, आम्ही त्याला हरणाबाईचा माळ म्हणतो. वर हरणाबाईचं छप्पर आहे, मेंढरांचा वाडा आहे आणि पश्चिमेकडं डोंगर असा तुटलाय की कापडी पंख पसरून चार पावलं पळलं की माणूस हवेत. इंजिन नाही, आवाज नाही. दोऱ्यांना टांगलेल्या खुर्चीत बसायचं आणि तापलेल्या जमिनीवरून हवेचा जो लोट वर चढतो, त्या थर्मलमध्ये घिरट्या घालत घारीसारखं वर जायचं. मी संयोगिता, मिरजेत भूलतज्ज्ञ आहे. आठवडाभर लोकांना झोपवते आणि रविवारी इथं येऊन स्वतः जागी होते. आम्हाला शिकवणारा वीरधवल साताऱ्याचा. दिग्विजय विट्याचा; घरचा सोनं गाळायचा धंदा कोईमतूरला, तो तिथंच वाढला आणि आता द्राक्षबाग बघायला म्हणून परत आलाय. बाग बघताना तो मला अजून दिसलेला नाही.

उडून आल्यावर हरणाबाईकडं बसून प्रत्येकानं आपापलं उड्डाण सांगायचं, हा आमचा रिवाज. खरं सांगायचं तर उडतो आम्ही अर्धा तास आणि सांगतो दोन तास. दिग्विजय सांगतो ती उंची तर लग्नाच्या स्थळाच्या माहितीपत्रकातल्या उंचीसारखी, दोन-चार बोटं जास्तच लिहिलेली. मी स्वतः एकदा घाबरून लवकर उतरले होते, त्याला मी "हवेचा अंदाज घेऊन निर्णय बदलला" असं म्हणते. आणि या सगळ्यांत सगळ्यात रंगवून सांगणारे कोण, तर लालासाहेब, ज्यांचे पाय जमिनीवरून उठलेले नव्हते.

लालासाहेब कऱ्हाडच्या खालचे, कृष्णाकाठचे. घरचा ऊस, दोन म्हशी. फौजेत ट्रक चालवायला होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येक माणसाला गाव मेजरच म्हणतं, त्यामुळं तेही मेजर. बर्फातल्या घाटातून रसद नेलेला माणूस. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मधून ट्रक. त्याची त्यांना कधी भीती वाटली नाही म्हणतात. "चाक जमिनीला टेकल्यालं असलं की मला कशाचं भ्या न्हाई," हे त्यांचं वाक्य. चाक उचललं की काय होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांच्या मुलीनं, प्रियदर्शनीनं, आईवडलांना पाचगणीला नेलं आणि दोघांच्या नावानं हवेतली एकेक फेरी ठरवली. कड्याच्या टोकाशी गेल्यावर मेजरांचा गुडघा दुखायला लागला. डावा. राजेश्वरीबाई पदर खोचून गेल्या, वीरधवलच्या पुढच्या खुर्चीत बसल्या आणि उतरल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "परत कवा?" दुसरा प्रश्न, "आन् ह्ये एकटीला कवा येतंय?"

पुढच्या हंगामात त्या माळावर पंख पसरून शिकायला लागल्या. लुगडं नव्हे, मुलीची ट्रॅकपँट आणि वर लालासाहेबांचा फौजी स्वेटर. गावानं थोडे दिवस बोलून घेतलं. मग ऊसतोड सुरू झाली आणि गावाला बोलायला दुसरे विषय मिळाले. राजेश्वरीबाई कमी बोलणाऱ्या. उतरल्यावर पंख घडी घालतात, केस नीट करतात आणि कुणी विचारलंच तर म्हणतात, "बरं झालं आज." एवढंच. तासभर ढगाखाली फिरून आलेली बाई, आणि "बरं झालं आज"!

मग बाकीचं सांगायचं काम लालासाहेबांनी घेतलं. जीपमधून ते खालून पाठलाग करतात. एक हात स्टीअरिंगवर, एका हातात वॉकीटॉकी, मान काचेतून बाहेर. आमच्या सगळ्यांच्या वॉकी एकाच लाइनवर असल्यामुळं मेजरांचं बोलणं आम्हालाही ऐकावं लागतं.

"मिसेस, मिसेस, लाला बोलतोय. पुढं उजव्या अंगाला लायटीच्या तारा हायत. ओव्हर."

"दिसत्यात."

"मिसेस, ओव्हर म्हणायचं. ओव्हर."

"..."

"मिसेस, पाणी पिलीस का? ओव्हर."

दिग्विजय त्यांना नेहमी छेडायचा. "मेजर, तुम्ही 'आमी कलंडलो, आमी चढलो' म्हणता. तुम्ही तर तिसऱ्या गिअरमध्ये होता."

"आरं गड्या," मेजर शांतपणे म्हणायचे, "उडणाऱ्याला नुस्तं उडायचं अस्तंय. खाली काय चाललंय त्ये बघायला कोण पायजे का नगो?"

तेही खरंच होतं. आमच्यापैकी कुणी काटेरी बाभळीत उतरलं की मेजरच दोर घेऊन हजर व्हायचे. म्हणून त्यांच्या "आमी"ला आम्ही कधी जोरात हरकत घेतली नाही.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. त्या रविवारी हवा अशी होती की हरणाबाईची वाळत घातलेली वाकळसुद्धा उडायच्या बेतात होती. राजेश्वरीबाई उडाल्या आणि बघता बघता ठिपका झाल्या. मी दहा मिनिटांत खाली आले, हवेचा अंदाज घेऊन. मेजरांनी मला जीपमध्ये घेतलं आणि आम्ही ठिपक्यामागं निघालो. सुरुवातीला सगळं नेहमीसारखं चाललं होतं. तारा, पाणी, ओव्हर. मग एका क्षणी वॉकीतून काहीच येईना.

"मिसेस, मिसेस, लाला बोलतोय. ओव्हर."

काही नाही. मेजरांनी वॉकी डॅशबोर्डवर आपटला, पुन्हा कानाला लावला. राजेश्वरीबाईंचा मोबाइल जीपमध्येच असतो, हवेत हातातून पडेल म्हणून त्या नेत नाहीत. वर बघितलं तर ठिपकाही नव्हता. डोंगरापलीकडं गेला होता.

त्या दिवशी मी मेजरांना पहिल्यांदा गप्प बघितलं. बोलणारा माणूस गप्प बसला की जीप केवढी वाजते ते कळतं. प्रत्येक फाट्याला ते गाडी थांबवायचे, खाली उतरायचे आणि दिसेल त्याला विचारायचे, "छत्री घिऊन बाई उतारली का हो हिकडं?"

एका पारावर बसलेला म्हातारा म्हणाला, "व्हय, गेली की. लाल छत्री. पर थांबली न्हाई." जणू एसटीच चुकली होती. विहिरीवरच्या एका बाईनं सांगितलं, "म्या बगितलं, पर मला वाटलं निवडणुकीचं कायतरी हाय." एका माणसानं तर आम्हालाच विचारलं, कसली स्कीम आहे आणि कधीपर्यंत आहे. मेजर एरवी यावर दोन रविवार पुरेल एवढं बोलले असते. त्या दिवशी ते नुसते "बरं, बरं" म्हणत पुढं जात होते. मी म्हटलं, "मेजर, त्या हुशार आहेत, नीट उतरल्या असतील." ते म्हणाले, "उतारली आसंल वो. पर कुठं?" आणि खिशातून रुमाल काढून काच पुसली. काच स्वच्छ होती.

पुढच्या गावाच्या शिवारात लग्नाचा मांडव दिसला. वाजंत्री चालू होती. मांडवाला लागून ज्वारी काढलेलं रान होतं आणि त्या रानात, नीट घडी घालून, वर दगड ठेवून, लाल पंख. मेजरांनी जीप तशीच मांडवाच्या तोंडाशी उभी केली. आत बायकांची पंगत बसली होती. करवल्यांच्या शेजारी, कपाळाला हळदीकुंकू, मांडीवर ओटीचा नारळ, अंगात फौजी स्वेटर, अशा राजेश्वरीबाई जिलेबी खात होत्या.

"आलात व्हय," त्या म्हणाल्या. "वॉकी बंद पडला. बसा, जेवा."

झालं होतं असं की त्या मांडवाशेजारी उतरल्या आणि अक्षता पडत असतानाच उतरल्या. मुलीच्या वडलांनी, गुंडाअण्णांनी, त्याचा फारच चांगला अर्थ लावला. लेकीच्या लग्नाला वरून बाई आली! नवरा-नवरीनं त्यांच्याबरोबर फोटो काढले, मग वऱ्हाडानं काढले, मग आचाऱ्यानं. लग्नाच्या अल्बममध्ये मामीपेक्षा राजेश्वरीबाईच जास्त वेळा आल्या असतील.

आता त्या बाईचा नवरा आला म्हटल्यावर गुंडाअण्णांनी फेट्याचं कापड मागवलं. मेजरांना खुर्चीत बसवून डोक्याला फेटा बांधायला घेतला. माणसं गोळा झाली. मेजरांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत येत होता. आणि शेवटचा पीळ घालता घालता गुंडाअण्णांनी सहज विचारलं, "पाव्हणं, तुमीबी उडता काय?"

मेजरांनी बायकोकडं एकदा बघितलं. पण डोक्यावर फेटा चढला की माणसाचं काही सांगता येत नाही.

"व्हय," मेजर म्हणाले. "आमी दोगंबी."

राजेश्वरीबाईंनी तोंडातली जिलेबी सावकाश संपवली. मठ्ठ्याचा घोट घेतला. मग म्हणाल्या, "येत्या रविवारीच हाय त्येंचं उडणं. समद्यांनी या बघायला. हरणाबाईचा माळ, कुणालाबी इच्यारा."

परतीच्या वाटेवर मी जीपच्या मागच्या सीटवर पंखाच्या गाठोड्याला टेकून झोपेचं सोंग घेतलं. माझा धंदाच तो.

पुढच्या रविवारी मेजरांचा गुडघा दुखत होता, तसा गुंडाअण्णांना फोनही गेला. उजवा. वीरधवलनं आठवण करून दिली की पाचगणीला डावा होता. त्याच्या पुढच्या रविवारी उसाची तोड आली होती आणि टोळीवाले मालक समोर असल्याशिवाय कोयता लावत नाहीत, असं कारण आलं. मग म्हैस व्यायली. मग हवा बरी नव्हती; त्या दिवशी आम्ही सगळे उडालो. हरणाबाई चहा ओतता ओतता म्हणाली, "मेजर, माजं कोकरूबी पयल्यांदा वाड्याभाईर याला आसंच करतंय. मग लाथ घालावी लागती." मेजर तिच्यावर रागावले नाहीत. चहा मात्र अर्धा टाकून उठले.

गुंडाअण्णांनी हे प्रकरण तडीला नेलं. मुलगी माहेरी आली होती, जावई बरोबर होता, आणि जावयाला काय दाखवायचं, तर मेजरांचं उड्डाण. त्यांनी फोन केला तो "निघालोय" असा केला. टेम्पो भरून माणसं आली. मागं सतरंजी, डब्यात शंकरपाळे, आणि एका पिशवीत झेंडूचा हार.

मेजर हार बघून पांढरे पडले.

वीरधवलनं त्यांना बाजूला घेतलं. "मेजर, मी मागं, तुम्ही पुढं. दोघांच्या पंखात प्रवासी पुढंच बसतो. पाहुण्यांना काय कळतंय चालवतंय कोण? तुम्ही फक्त पळायचं. मी म्हणेपर्यंत बसायचं नाही."

"पळीन की," मेजर म्हणाले. "पळायला काय झालंय."

पण पहिल्या खेपेला पंख वर आला, दोऱ्या ताणल्या गेल्या, कडा चार पावलांवर आला आणि मेजर बसले. सरळ जमिनीवर. वीरधवल त्यांच्यावर, पंख दोघांवर. टेम्पोतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं सुरुवात अशीच असते.

राजेश्वरीबाई पुढं झाल्या. त्यांनी मेजरांचं हेल्मेट सरळ केलं, हनुवटीखालचा पट्टा ओढून बघितला, खांद्यावरचा वॉकी तपासला. हळू आवाजात म्हणाल्या, "आवं, नगं वाटत आसंल तर ऱ्हाऊ द्या. मी सांगते त्यास्नी. चेष्टाच केली मी."

मेजरांनी हाराकडं बघितलं, कड्याकडं बघितलं, मग बायकोकडं. "तू जीप घे," ते म्हणाले. "खालच्या रस्त्यानं ये. आन् सेकंड गिअर जरा आडतोय."

दुसऱ्या खेपेला ते पळाले. डोळे मिटून पळाले, हे मी जवळून बघितलं. कडा संपल्यावरही हवेत चार-पाच पावलं पळतच होते.

मी राजेश्वरीबाईंच्या शेजारी जीपमध्ये उडी मारली. ट्रॅक्टर चालवणारी बाई, जीप काय चीज आहे! एक हात स्टीअरिंगवर, एक हात वॉकीवर, मान काचेबाहेर.

"आवं, ऐकू येतंय का? ओव्हर."

वॉकीतून नुसता वारा आला.

"डोळं उगडा. ओव्हर."

बऱ्याच वेळानं आवाज आला. "उगडल्यात."

"न्हाई उगडलं. मला म्हाईत हाय. ओव्हर."

पुन्हा वारा. मग एकदम, "आगं आयायाया!" म्हणजे उघडले.

आता राजेश्वरीबाईंना चेव आला. इतकी वर्षं जे ऐकलं होतं ते सगळं त्यांनी परत करायला घेतलं. "उजव्या अंगाला लायटीच्या तारा हायत, ओव्हर. पाणी पिलासा का, ओव्हर. पाय ताठ नगा धरू, ओव्हर. हात सोडा की त्या पट्ट्याचा, काय तुटत न्हाई, ओव्हर. गुडगा कसा हाय, ओव्हर." मी हसून हसून दाराला धरून बसले होते. वर पंख एका थर्मलमध्ये शिरला आणि सावकाश गोल फिरत चढायला लागला. बाजूला एक घार त्याच गोलात फिरत होती.

"आवं, किती चढला? ओव्हर. घार दिसली का? ओव्हर. खाली काय काय दिसतंय सांगा की. ओव्हर."

"आगं, जरा गप बस की," मेजरांचा आवाज आला. रागावलेला नव्हता, लांबून आल्यासारखा होता. "बघू दे." आणि थोड्या वेळानं, शिस्त म्हणून, "ओव्हर."

राजेश्वरीबाईंनी जीप रस्त्याच्या कडेला थांबवली. हसल्या. आणि हसता हसता म्हणून गेल्या, "कळलं न्हवं? म्हणूनच वॉकी बंद केला हुता मी त्या दिशी. बॅटरी न्हवती गेली."

सगळ्यांच्या वॉकी एकाच लाइनवर. डोंगरावर दिग्विजयनं ऐकलं, हरणाबाईनं ऐकलं, गुंडाअण्णांनी ऐकलं आणि जावयाला समजावून सांगितलं. वर मात्र काही आवाज नाही.

राजेश्वरीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. त्या खाली उतरून जीपच्या बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या, कपाळावर हात धरून वर बघत. "भलत्या वक्ताला बोलले," त्या मला म्हणाल्या. "पर काय करू वो. तितं वर एक येळ आसा येतो, काय बी ऐकू येत न्हाई. सासू न्हाई, म्हस न्हाई, कारखान्याचं न्हाई. त्यात ह्ये पाणी पिलीस का इच्यारत्यात. किती येळा सांगायचं व्हय म्हणून. उतरल्यावर चालू केला हुता, पर मधी डोंगर आला."

मला त्या दिवशीची पुसलेली काच आठवली. सांगावं की नाही असं वाटलं, पण सांगितलं. त्या वरच बघत राहिल्या.

पंख फिरत होता. मग वॉकी खरखरला.

"राजू."

हे नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. आम्हा सगळ्यांपुढं मिसेसच.

"बोला."

"लय बारकी दिसतीस गं तू."

"तुमीबी."

"जीपचा हँडब्रेक लावलाय का?"

"लावलाय."

उतरताना मेजर पायांवर न उतरता बुडावर उतरले आणि ढेकळांतून थोडं पुढं घसरत गेले. टेम्पोनं खाली आलेले गुंडाअण्णा हार घेऊन धावत आले. मेजरांनी त्यांना हातानं थांबवलं, बाभळीमागं जाऊन सकाळचा नाश्ता परत केला, तोंड धुतलं आणि मग येऊन हार घालून घेतला. गोल गोल फिरलं की पहिल्या खेपेला बऱ्याच जणांचं असं होतं. माझंही झालं होतं. ते मी हरणाबाईकडं कधी सांगितलेलं नाही.

दुपारी छपराखाली आम्ही सगळे, टेम्पोतली माणसंसुद्धा, मेजरांभोवती बसलो. शंकरपाळे मधे ठेवले. आता काय काय ऐकायला मिळणार, म्हणून दिग्विजयनं तर मोबाइल रेकॉर्डिंगला लावला.

"सांगा मेजर."

मेजरांनी कप हातात घेतला. कलंडवला नाही. "काय सांगायचं?" ते म्हणाले. "शांत हुतं."

"मग?"

"मग काय. उतारलो."

दिग्विजयनं मोबाइल बंद केला. पाहुण्यांचा थोडा हिरमोड झाला, पण शंकरपाळे चांगले होते. माणसं पांगल्यावर मेजरांनी बायकोला विचारलं, "येवडा बोलतो का मी?"

"व्हय."

"मग सांगायचं."

"सांगितलं की. वॉकी बंद करून."

इथं वीरधवल मधे पडला. एरवी तो कुणाला आवाज चढवून बोलत नाही. त्यानं राजेश्वरीबाईंना सर्वांसमोर झापलं. हवेत वॉकी बंद करायचा नाही, कुणाचा नवरा कितीही बोलत असला तरी नाही. पुन्हा असं झालं तर तो त्यांना हंगामभर खाली बसवणार. राजेश्वरीबाईंनी मान खाली घालून ऐकलं. मेजर मधेच म्हणाले, "जाऊ द्या सर, चूक माजीबी हाय." वीरधवल म्हणाला, "तुमची तर आहेच," आणि त्यांनाही झापलं. शेवटी ठरलं असं की हवेत असताना राजेश्वरीबाईंनी विचारलं तरच मेजरांनी बोलायचं. तारा दिसल्या तर बोलायला परवानगी. पाण्याला नाही.

हे पाळणं मेजरांना किती जड जातं ते जीपमध्ये शेजारी बसल्यावर कळतं. वॉकीचं बटण दाबायला अंगठा जातो, थांबतो, परत येतो. मग ते सगळं मला सांगतात. तारा, पाणी, वाऱ्याची दिशा, सगळं. एका कानानं मी ऐकते. दुसरा कान त्या बाजूला नाही, म्हणून बरं.

आणि शांततेचं म्हणाल तर ती फार टिकली नाही. दोन रविवारांनी पुण्याचा तो नवा पायलट पुन्हा आला आणि त्यानं विचारलं, "काका, ऐकलं तुम्ही उडालात. कसं होतं?" मेजर म्हणाले, "शांत." आणि मग ती शांतता कशी होती ते सांगायला लागले. वर वारा कसा थांबतो, घारीच्या पंखाचासुद्धा आवाज कसा येत नाही, माणसाला स्वतःचं काळीज कसं ऐकू येतं. वीरधवल मागं होता हे त्यात कुठंच आलं नाही. बाभूळही आली नाही. ती शांतता सांगता सांगता हरणाबाईचा चहा दोनदा झाला.

राजेश्वरीबाई पिठलं खात ऐकत होत्या. मधेच त्यांनी एक दुरुस्ती केली. "घार डाव्या अंगाला हुती."

"उजव्या," मेजर म्हणाले.

"मी खालनं बगत हुते."

मेजर थांबले, विचार केला. "मग डाव्याच," ते म्हणाले आणि पुढं सांगायला लागले.

त्यानंतर ते वीरधवलबरोबर आणखी दोनदा गेले. एकदा तर पायांवर उतरले. स्वतः शिकणार का विचारलं तर म्हणतात, आता या वयात नको, आणि जीप कोण चालवणार? राजेश्वरीबाई येत्या ऑक्टोबरात हिमाचलला पुढचं शिकायला जाणार आहेत. प्रियदर्शनीनं आईचं रेल्वेचं तिकीट काढायला घेतलं होतं, तर मेजरांनी ते काढू दिलं नाही. परवा त्यांनी जीपचे चारी टायर बदलून घेतले. पठाणकोटपर्यंतचा रस्ता त्यांना पाठ आहे म्हणे. म्हशी धाकट्या भावाकडं, आणि सेकंड गिअरचं काम कऱ्हाडातच करून घेणार.